वाचक विचारतात : नऊवारीवरचे चिलखत

प्रश्न : मी मूळची कुडाळची असून सध्या अमेरिकेत इंडियाना राज्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. इंडियानापोलिस येथे दरवर्षी भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या संमेलनाला येण्याचा वर्गमित्रांचा आग्रह आहे. तेथे माणसे स्वतःच्या हाताने केलेले वेश घालून एखादे पात्र होऊन तासन्‌तास वावरतात, असे ते सांगतात. मला नऊवारी आणि चिलखत घातलेली सरदारीण साकारायची आहे. पण माझ्याकडे शिलाई यंत्र नाही, चिलखत कशाचे करतात ते ठाऊक नाही आणि आयत्या वेळी इंग्रजीत बोलायचे म्हटले की माझी वाचा बसते. आजोबा दशावतारात काम करीत, आता ते थकले आहेत. मी जावे का?

उत्तर : जरूर जावे. तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर तुमच्या घरातच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद समोरच्या नटाच्या बोलण्यातून तेथल्या तेथे उमटतात. लाइव्ह रोलप्लेमध्येही, म्हणजे पात्र होऊन वावरण्याच्या या खेळातही, हेच घडते, फक्त तेथे बाजूला बसलेला प्रेक्षक नसतो, सगळेच पात्रे असतात. आयोजक अनेकदा तुम्हाला तुमच्या पात्राची ओळख, त्याचा हेतू आणि एखादे गुपित लिहून देतात. तुमच्या सरदारणीला काय हवे आहे हे पक्के ठाऊक असले, तर तुटक वाक्येही पुरतात. कमी बोलणारी सरदारीण तर अधिकच भारदस्त वाटते.

१९६८ मध्ये खेळरचनाकार गॅरी गायगॅक्स यांनी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी पटावरच्या युद्धखेळांसाठी ‘जेन कॉन’ पहिल्यांदा भरवले आणि त्या गावावरूनच त्याला नाव मिळाले. २००३ पासून ते इंडियानापोलिसला भरते. संमेलन चार दिवसांचे असते. प्रवेशाचा बॅज घेतला म्हणजे सर्व खेळ खुले झाले असे समजू नये, कारण बहुतेक खेळांचे तिकीट वेगळे असते आणि त्यांची नोंदणी काही महिने आधीच सुरू होते. ‘ट्रू डंजन’ या उपक्रमात माणसांच्या मापाचे भुयार उभारलेले असते आणि तेथली लढाई गुळगुळीत पटावर चकती सरकवून खेळतात. कॅरमवर हात बसलेल्या माणसाला ती अवघड जाऊ नये. भाषेचा संकोच वाटत असेल, तर पहिल्या दिवशी तेथे जावे.

आता वेशाविषयी, आणि येथे मी थोडा आग्रही आहे. असा वेश छायाचित्रासाठी करू नये, वावरण्यासाठी करावा. नऊवारीची तुमची निवड या दृष्टीने उत्तम आहे, कारण काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. यंत्र नसल्याची खंत करू नका. ताण पडणाऱ्या शिवणींना हाताने उलट टीप घालावी. धावदोरा तेथे टिकत नाही. चिलखतासाठी ईव्हीए फोम घ्यावा, म्हणजे व्यायामाच्या चटया ज्याच्या असतात तो. मुख्य भागांना सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा आणि नक्षीला दोन मिलिमीटरचा पुरतो. अंगात जुना सदरा घालून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळावे, वर चिकटपट्टी लावावी, त्यावर तुकड्यांच्या रेषा आखाव्यात आणि मैत्रिणीकडून ते कवच जपून कापून घ्यावे. यापेक्षा अचूक माप मिळत नाही. चांभार वापरतात तशा प्रकारचा गोंद दोन्ही कडांना लावावा, तो किंचित सुकू द्यावा आणि मगच कडा जुळवाव्यात, कारण एकदा चिकटल्या की सरकत नाहीत. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, फोमचा पृष्ठभाग तापवला की तो घट्ट होतो आणि रंग कमी पितो. गोंद आणि तापलेला फोम यांचा वास अपायकारक असतो, त्यामुळे वसतिगृहाच्या बंद खोलीत हे काम मुळीच करू नये. माझ्या पहिल्या चिलखताचा खांद्याचा पट्टा केवळ चिकटवलेला होता आणि तो अर्ध्या तासात निघाला. तेव्हापासून मी पट्टे शिवतो आणि सोबत सुईदोरा ठेवतो.

तलवार फोमचीच असावी आणि शस्त्रांसंबंधीचे संमेलनाचे नियम आधी वाचावेत. सभागृहात होणाऱ्या अनेक रोलप्लेमध्ये अंगाला स्पर्शही करीत नाहीत. झटापटीचा निकाल पत्ते, फासे किंवा दगड-कागद-कात्रीने लावतात. खेळाआधी थांबण्याची खूण सांगितली जाते. ती न लाजता वापरावी आणि दुसऱ्याने केली तर तत्क्षणी थांबावे. वेश घातलेल्या कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

निघण्यापूर्वी संपूर्ण वेश घालून घरी दोन तास काढावेत, त्यात जिना चढावा, जेवावे, स्वच्छतागृहात जाऊन पाहावे. कमरपट्टा सैल होत असेल, तर आजोबांना फोन करावा. रात्रभर उभे राहून काम करणारा नट तो कसा आवळतो, कोठे गाठ मारतो आणि श्वासाला किती जागा ठेवतो, हे ते तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकेपणाने सांगतील.