'सहलग्न' जनुकं आणि 'नेहमी' हा शब्द

प्रश्न असा आहे: "सहलग्न जनुकं नेहमी एकत्रच पुढच्या पिढीत जातात, असं लिहिलं तर चालेल का? आणि यात 'लग्न' कुठून आलं?"

आधी लग्न. संस्कृत 'लग्' म्हणजे लागणं, चिकटणं; लग्न म्हणजे लागलेलं. पूर्वक्षितिजाला लागलेली रास ती लग्नरास, त्यावरून मुहूर्त आणि मुहूर्तावरून विवाह असा अर्थ सरकत गेला. 'संलग्न'मध्ये मूळ अर्थ शाबूत आहे, तोच 'सहलग्न'मध्ये: एकाच गुणसूत्रावर जवळ असल्यानं बहुतेकदा एकत्र पुढे जाणारी जनुकं ती सहलग्न.

'नेहमी' मात्र काढाच. ड्रोसोफिला या फळमाशीत अंगाचा रंग आणि पंखांची लांबी ठरवणारी दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर आहेत. करड्या अंगाची, पूर्ण पंखांची माशी आणि काळ्या अंगाची, खुरट्या पंखांची माशी यांच्या संकरातून झालेली मादी घ्या. तिचा काळ्या, खुरट्या पंखांच्या नराशी संकर केला, की सुमारे 83 टक्के पिल्लांत जुन्याच जोड्या दिसतात. उरलेल्या 17 टक्क्यांत काळं अंग पूर्ण पंखांशी किंवा करडं अंग खुरट्या पंखांशी जुळलेलं असतं. आता मादीऐवजी संकरित नर घ्या: नवी जोडी एकही नाही! जनुकं तीच, गुणसूत्र तेच. पण या माशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, होतच नाही. हे मला आजही विलक्षण वाटतं.

म्हणजे सहलग्नता कमीजास्त असते. जनुकं जितकी जवळ, तितकी ताटातूट कमी. याच आधारावर जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने 1913 साली जनुकांचा पहिला नकाशा छापला. नकाशावरचं 1 टक्का पुनःसंयोजनाचं (म्हणजे नव्या जोड्यांचं) अंतर म्हणजे 1 सेंटिमॉर्गन. पुनःसंयोजनाचं प्रमाण 50 टक्क्यांवर पोचलं, की एकाच गुणसूत्रावरची जनुकंही सहलग्न म्हणवत नाहीत, कारण ती वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यासारखीच वाटली जातात. म्हणून 'एकाच गुणसूत्रावरची' हा 'सहलग्न'चा प्रतिशब्द म्हणून वापरू नये. 'बहुतेकदा एकत्र जाणारी' हे बरोबर. फार जवळ असतील तर 'घट्ट सहलग्न' म्हणावं.

क्रॉसिंग ओव्हर आणि पुनःसंयोजन यांचीही सरमिसळ होते. पहिली क्रिया: अर्धसूत्री विभाजनात (अंडपेशी-शुक्रपेशी घडवणाऱ्या विभाजनात) जोडीतली गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करतात. दुसरं फलित, म्हणजे नव्या जोड्या. आणि त्या अख्खी गुणसूत्रं स्वतंत्रपणे वाटली गेल्यानेही तयार होतात.

लेखनाचं म्हणाल, तर 'पुनःसंयोजन' असं विसर्गानंच लिहा. पुनर्जन्म, पुनर्विवाह यांत पुढे मृदू व्यंजन असल्यानं विसर्गाचा र् होतो. 'स'पुढे तो होत नाही.