लिमिट ठरवूनच खेळतो मॅडम, मग प्रॉब्लेम कुठेय?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे, ऑनलाइन कॅसिनो खेळणारे क्लायंट "सोडायचं कसं" असं फार कमी वेळा विचारतात. त्यांचा प्रश्न असतो, "जबाबदारीने खेळायचं कसं?" म्हणजे खेळायचं तर आहेच, फक्त हाताबाहेर जायला नको. प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, बरेच लोक अधूनमधून खेळतात, हरतात आणि विसरून जातात. पण ते लोक माझ्याकडे येत नाहीत ना! जो येतो त्याला बहुतेक वेळा घरातल्या कुणीतरी पाठवलेलं असतं.

हासुद्धा तसाच आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तिशीतला, नोकरी चांगली, डोक्यावर कर्ज नाही, दारू नाही. बायको म्हणाली एकदा तरी जाऊन ये, म्हणून आला. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली, तारीख, किती भरले, किती आले, महिन्याची लिमिट, सगळं रंगीत कॉलममध्ये. "मॅडम, ॲडिक्ट माणूस असा हिशोब ठेवतो का?"

ठेवतो. खूपदा ठेवतो.

मी त्याला दोनच प्रश्न विचारले, ही छोटी चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटतात का? आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाला जरी हो आलं तर नीट खोलात जाऊन बघायचं. पहिल्याला तो पटकन नाही म्हणाला. दुसऱ्याला म्हणाला, "खोटं नाही हो, फक्त सांगितलं नाही." बरं.

मग म्हटलं शीट राहू दे, साइटवरून अकाउंटची हिस्टरी काढून आणा, बहुतेक लायसन्सवाल्या साइट्सवर ती मिळते. ती आणली आणि खरं चित्र दिसलं. लिमिट फक्त एक्सेलमध्ये होती, अकाउंटमध्ये लावलेलीच नव्हती. महिनाअखेरीला लिमिट संपली की जास्तीचे भरलेले पैसे तो पुढच्या महिन्याच्या खात्यात टाकायचा, ॲडव्हान्स म्हणे! साइटने दिलेला बोनस "जिंकले" या कॉलममध्ये. खेळ सुरू रात्री अकरानंतर आणि थांबणं दोन-तीनला. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे जिंकल्यावर पैसे काढायची रिक्वेस्ट टाकलेली, ती पेंडिंग असतानाच रात्रीत कॅन्सल करून तेच पैसे परत लावलेले, एकदा नाही, परत परत.

यावर लेक्चर देऊन काही होत नाही, हिशोबाची आवड असलेल्या माणसाशी हिशोबानेच बोलावं लागतं. तो स्लॉटबद्दल (बटण दाबून चिन्हं फिरवायचा खेळ, एक फेरी म्हणजे एक स्पिन) म्हणाला, "स्लॉटचा परतावा 96 टक्के आहे, म्हणजे 100 मागे 4 च जातात." हो, पण ते 100 म्हणजे तुम्ही भरलेले पैसे नव्हेत, लावलेले. दर पाच सेकंदाला एक स्पिन धरला तर तासात 720 स्पिन, प्रत्येकी 10 लावले तर उलाढाल 7200 आणि त्याचे 4 टक्के म्हणजे सरासरी 288 गेले, तेही फक्त तासाभरात. कधी वर, कधी खाली, पण जितका जास्त वेळ बसाल तितकं गाडं त्या सरासरीकडे जाणार. बोनसचं तसंच, 100 चा बोनस मिळाला आणि तो काढता येण्याआधी 35 पट खेळायची अट, म्हणजे 3500 लावायचे, त्याचे 4 टक्के 140. फुकटच्या 100 साठी सरासरी 140 जाणार! इथे तो पहिल्यांदा गप्प बसला.

रुलेटवर (लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक) मात्र भांडला. सलग सात वेळा लाल आला की काळा यायलाच हवा, हा त्याचा पक्का विश्वास. 1913 मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग 26 वेळा आला होता आणि आता लाल येणारच म्हणत लोक लावत गेले, बुडत गेले. चाकाला आधीचं काही आठवत नाही. एक हिरवा शून्य धरून 37 घरं, त्यातली 18 लाल, दरवेळी तेवढीच. हे त्याला डोक्याने पटलं. पण रात्री दीड वाजता हरलेला माणूस हे गणित करतच नाही, शिवाय स्क्रीनही त्याच्या बाजूने नसते, 10 लावून 4 परत आले तरी दिवे आणि संगीत जिंकल्यासारखंच, आणि चिन्ह जरासं हुकलं की वाटतं आता आलंच होतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की रात्री पाळायची लिमिट दिवसा, थंड डोक्याने, थेट अकाउंटमध्ये लावायची. पैशांचीही आणि वेळेचीही. चांगल्या साइट्सवर लिमिट कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावं लागतं, ते थांबणंच कामाचं. जिथे ही सोयच नाही तिथे खेळू नये, एवढं साधं. उधारीचे किंवा क्रेडिट कार्डचे पैसे लावायचे नाहीत (ब्रिटनने तर 2020 पासून जुगारासाठी क्रेडिट कार्ड बंदच केलंय), काढायला टाकलेले पैसे परत घ्यायचे नाहीत, आणि घरात भांडण झालंय म्हणून ॲप उघडायचं नाही. गेलेले पैसे गेले म्हणून सोडून देता येतात का, मी तरी सगळ्यात जास्त याच्याकडेच बघते.

त्याला म्हटलं हे सगळं नंतर लावू, आधी महिनाभर खेळूच नका. "सहज!" म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि एका रात्री दुसऱ्याच साइटवर नवीन अकाउंट काढलं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात ते पुस्तक) जुगाराच्या व्यसनाची नऊ लक्षणं दिलीत, बारा महिन्यांत त्यातली चार किंवा जास्त असतील तर निदान होतं. मी यादी पुढे ठेवली, त्याने स्वतःच पाच टिक केली, लपवणं आणि हरलेलं वसूल करायला परत जाणं ही पहिली दोन. त्या दिवशी एक्सेल उघडली नाही.

मग सहा महिन्यांचं सेल्फ एक्सक्लूजन घेतलं (म्हणजे साइटला सांगून स्वतःवरच बंदी घालून घेणं), पण एका साइटवरून नाव काढून दुसरी उघडी राहतेच म्हणून फोनवर ब्लॉकिंग ॲप, बँकेत जुगाराच्या व्यवहारांवर ब्लॉक, आणि स्टेटमेंट बायकोला दिसेल अशी सोय. सोबत सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) चालू आहे, रात्री अकरा ते एक या वेळेचं काय करायचं यावरच आमची निम्मी सेशन्स जातात. जाता जाता एक सांगते, पार्किन्सन्सच्या काही गोळ्यांनी जुगाराची ओढ अचानक वाढू शकते, घरात तसं कुणी असेल तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांशी बोला.

बायकोने विचारलं, "नंतर कधीतरी थोडं थोडं खेळला तर चालेल का?" मी स्पष्ट नाही म्हटलं. एखादंच लक्षण असलेल्या माणसाला लिमिट पुरू शकते, पाच असलेल्याला मी तो सल्ला देणार नाही. तिला आणखी एक सांगितलं, पुढे कधी कर्ज निघालं तर रागाच्या भरात किंवा दयेपोटी गुपचूप फेडून टाकू नकोस, आधी पूर्ण आकडा समोर येऊ दे आणि पैशांचा कंट्रोल तुझ्याकडे घे. आणि पैशांच्या टेन्शनमध्ये तो जीव नकोसा झालाय असं काही बोलला तर हिशोब, ब्लॉक सगळं बाजूला ठेवायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठायची.