वडिलांना लिव्हरचा कॅन्सर आहे, आता खालची दाढ हलतेय, शेजारी लाल गाठ आलीय, हनुवटी बधिर झालीय. दाढ काढून टाकावी का?

नको. निदान आत्ता तरी नको. मी कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवतो. तोंड न बघता निदान सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत मला दाढेपेक्षा हनुवटीची जास्त काळजी वाटते. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातून जाते. पू नाही, मार लागलेला नाही आणि तरी ओठावर कापूस फिरवलेला कळत नसेल, तर हाडात काहीतरी वाढतंय असं आम्ही धरून चालतो.

आपल्याकडे तोंडात गाठ दिसली की आधी तंबाखूची पुडी आठवते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. दुसऱ्या अवयवातून तोंडात आलेला कॅन्सर तोंडाच्या एकूण कॅन्सरमध्ये साधारण 1 टक्का. लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून फुप्फुसामार्गे येतात, किंवा मणक्याभोवतीच्या शिरांतून. या शिरांना झडपाच नसतात, त्यामुळे फुप्फुस टाळून थेट वर जाता येतं. मग त्या बहुधा खालच्या जबड्याच्या मागच्या भागात, दाढांपाशी रुजतात.

दाढ काढू नका म्हणतो ते रक्तासाठी. लिव्हरमधून आलेली अशी गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. त्यात रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, आणि सिरॉसिस (लिव्हर कडक, निबर होणं) असेल तर प्लेटलेट्सही कमी. अशात खुर्चीवर बसवून दाढ उपटली तर रक्त थांबता थांबत नाही, आणि नंतर त्याच खड्ड्यातून मांस वर येतं. ‘एवढी दाढ काढा की डॉक्टर, सुटू दे एकदाचं’ असं पेशंट म्हणतात, पण इथे सुटत नाही.

तुकडा तपासायचाच, पण हॉस्पिटलमध्ये, ओरल सर्जनकडून, सीटी स्कॅन, प्लेटलेट्स आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघून. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘लिव्हरचा कॅन्सर’ ठळक लिहायला सांगा, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट त्या दृष्टीने खास स्टेन (पेशी ओळखायचे रंग) लावतील. हाडं बळकट करणारं इंजेक्शन किंवा बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर तेही सांगा. दोन्हींत जबड्याची जखम चिघळू शकते.

स्पष्ट बोलायचं तर कॅन्सर जबड्यात आला असेल तर आजार पुढे गेलाय आणि शस्त्रक्रियेने सगळा निघणार नाही. पण रेडिएशनने दुखणं आणि रक्तस्राव बऱ्यापैकी आटोक्यात येतो, कधी कधी एकाच बैठकीत. सोबत गोळ्या-इंजेक्शनं कोणती, ते ऑन्कॉलॉजिस्ट लिव्हरची ताकद बघून ठरवतील. खर्चाचं विचाराल तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून देऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. खायला मऊ भात, पातळ खिचडी, तिखट नको. पोटात पाणी झालं असेल तर मीठही बेतानं. रात्री रक्त आलं तर चुळा भरत बसू नका. स्वच्छ गॉजची घडी गाठीवर ठेवून दाबून धरा, डोकं उंच ठेवा आणि सरळ कॅज्युअल्टी गाठा.