पहिल्याच रविवारी जॅकपॉट लागला: रक्कम कशी ठरली, कर किती, आणि पुढच्या कार्डात काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्रांनी मिळून मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रविवारी ४८० रुपयांचं जॅकपॉटचं तिकीट काढलं आणि पाचही घोडे लागले. जाहीर झालेला डिव्हिडंड, म्हणजे एका बरोबर कॉम्बिनेशनला मिळणारी रक्कम, १८,४०० रुपयांचा. खिडकीवर त्यात ३१० रुपये ७ वेळा मिळवले गेले आणि कर कापून शेवटी हातात पडले १४,३९९. हे ७ कुठून आले, कापलेले पैसे परत मिळतील का, आणि यात आपली हुशारी किती नि नशीब किती, असं विचारलंय.

अभिनंदन. सुरुवात त्या सातपासून करतो, कारण ते कळलं की बाकीचं सोपं होतं.

जॅकपॉट म्हणजे ठरवून दिलेल्या पाच शर्यतींचे पाचही विजेते. तुमचं तिकीट १ × २ × ३ × २ × ४ असं होतं. पहिल्या लेगला (लेग म्हणजे त्या पाचातली एक शर्यत) एकच घोडा, म्हणजे तुमचा बँकर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, याप्रमाणे. गुणाकार ४८, एका कॉम्बिनेशनचे १० रुपये, म्हणून ४८०. कागद एक असला तरी टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज घेणाऱ्या यंत्रणेच्या, दृष्टीने ती ४८ वेगवेगळी तिकिटं आहेत. त्यातलं फक्त एक पाचही बरोबर असणारं. पण त्या एकातला नेमका एक घोडा बदलला की चार बरोबर असलेलं कॉम्बिनेशन तयार होतं, आणि अशी किती बनतात ते मोजता येतं: प्रत्येक लेगमध्ये जितके घोडे घेतले त्यातून एक वजा करा आणि बेरीज करा. ० + १ + २ + १ + ३ = ७. जॅकपॉटच्या पूलमधले ७० टक्के पाचही बरोबर असणाऱ्यांना आणि ३० टक्के चार बरोबर असणाऱ्यांना वाटले जातात. म्हणून १८,४०० एकदा आणि ३१० सात वेळा, म्हणजे २,१७०. एकूण २०,५७०.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. बँकर पडला असता तर जास्तीत जास्त एका कॉम्बिनेशनला चार बरोबर मिळाले असते, म्हणजे ३१० च्या आसपास एकदाच. चार घोडे घेतलेला लेग पडला असता तर मात्र चार वेळा कन्सोलेशन (चार बरोबरची रक्कम) मिळालं असतं. आपण ज्या लेगला बिचकून घोडे वाढवतो, तिथे हुकलं तर तिकीट थोडं तरी तरतं. बँकरला हुकलं की जवळजवळ सगळं गेलं. म्हणून बँकर हा ‘आवडता’ घोडा नसावा, सर्वात कमी प्रश्न उरलेला घोडा असावा.

आता डिव्हिडंड. पाच विजेत्यांचे विन डिव्हिडंड (नुसत्या जिंकणाऱ्या घोड्यावर लावलं तर मिळणारी रक्कम) तुम्ही दिलेत: १० रुपयांना ४२, १९, ८८, १५ आणि ६१. समजा तुम्ही १० रुपये पहिल्या घोड्यावर लावले असते आणि मिळालेले सगळे पैसे दरवेळी पुढच्या घोड्यावर उलटले असते, तर शेवटी सुमारे ६,४२५ झाले असते. जॅकपॉटने १८,४०० दिले. हा फरक कृपेचा नाही. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा, उरलेलं बरोबर तिकिटांमध्ये समान. विनमध्ये पैसे पाच वेळा उलटले तर ही कपातही पाच वेळा होते, जॅकपॉटमध्ये एकदाच. हिशेबासाठी कपात २० टक्के धरली, तर पाच वेळा कापून १०० मधले जेमतेम ३३ उरतात, एकदा कापून ८०. ७०-३० ची वाटणी धरूनही जॅकपॉट पुढे राहतो. त्यात तुमच्या तिसऱ्या लेगला ८८ चा घोडा आला. बहुतेकांची तिकिटं तिथेच पडली असणार, म्हणून भागीदार कमी झाले.

पूलची रक्कम सारखी असली तरी भागीदार किती, यावर डिव्हिडंड ठरतो. पाचही लेगला फेवरिट (ज्यांच्यावर सर्वात जास्त पैसे लागलेत ते घोडे) आले की जॅकपॉट अगदी किरकोळ जातो, चारचौघांनी लावलेलं तिकीट खर्चसुद्धा भरून काढत नाही. बुकीकडे गोष्ट वेगळी असते, तिथे लावताना जो भाव मिळाला तोच कायम. २८ सप्टेंबर १९९६ ला इंग्लंडमध्ये ॲस्कॉटला जॉकी फ्रँकी डेटोरीने दिवसातल्या सातही शर्यती जिंकल्या, तेव्हा सकाळीच सातही घोडे एकत्र लावणाऱ्या साध्या लोकांनी बुकींना रडवलं होतं. सातवा घोडा फुजियामा क्रेस्ट सकाळी १२ ला १ मिळत होता, सुटताना २ ला १ वर आला. ज्यांनी सकाळचा भाव घेतला त्यांना तोच मिळाला. टोटमध्ये असं होत नाही. तुम्ही लावल्यानंतर गर्दी त्याच घोड्यावर आली तर तुमचाही डिव्हिडंड उतरतो.

कराकडे येऊ. दोन वेगळे कर आहेत आणि लोक ते हमखास एकत्र करतात.

एक जीएसटी, जो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो, तुम्ही जिंका अथवा हरा. तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. टोटवर खेळणाऱ्याची गोची मुख्यतः इथे आहे. कर तिकिटावर वेगळा लावा किंवा पूलमधून घ्या, शेवटी भार खेळणाऱ्यावरच. वरचं माझं २० टक्क्यांचं उदाहरण फक्त गणित समजण्यापुरतं घ्या.

दुसरा आयकर. घोड्यांच्या शर्यतीत एका व्यवहारात १० हजारांवर जिंकलं की ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे देतात, १९६१ च्या कायद्याचं कलम १९४बीबी. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा वर्षभराच्या बेरजेवर नाही, एकेका व्यवहारावर मोजतात. २०,५७० चे ३० टक्के ६,१७१. उरले १४,३९९. तुमचा हिशेब रुपयाला रुपया बरोबर आहे.

हे परत मिळत नाहीत. अशा जिंकण्यावर सरसकट ३० टक्के कर आहे (कलम ११५बीबी), त्याला करमुक्त मर्यादेचा फायदा नाही, आणि दिवसभरात हरलेली तिकिटं त्यातून वजा होत नाहीत. पावत्यांचा गठ्ठा जपून उपयोग नाही. उलट ४ टक्के सेस टीडीएसमध्ये कापलेला नसतो, तो विवरणपत्र भरताना द्यावा लागतो: ६,१७१ चे ४ टक्के म्हणजे २४७ रुपये. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण ३० टक्के तसेच आहेत. नोकरदार माणूस नेहमी आयटीआर-१ भरतो, या वर्षी तो चालणार नाही, आयटीआर-२ भरावा लागेल. ही रक्कम एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतेच, त्यामुळे ‘राहून गेलं’ म्हणायची सोय नाही.

पॅन कोणाचं दिलं? पॅन न देताही ३० टक्के कापतात, पण मग ते कोणाच्या खात्यावर दिसत नाहीत. दिलं असेल तर पूर्ण २०,५७० त्याच मित्राच्या उत्पन्नात आले. म्हणून १४,३९९ चे चार भाग करण्याआधी सेसचे २४७ त्याच्यासाठी बाजूला काढा. उरलेल्या १४,१५२ चे चार भाग, प्रत्येकी ३,५३८. क्षुल्लक वाटेल, पण मोठा जॅकपॉट लागला की मैत्री याच ठिकाणी बिघडते, आणि तेव्हा आकडा २४७ चा नसतो.

आता नशीब की हुशारी. तुमच्या पाच शर्यतींत ८, १०, १२, ७ आणि ११ घोडे होते. एकूण कॉम्बिनेशन्स ७३,९२०. त्यातली ४८ तुमच्याकडे, म्हणजे डोळे झाकून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तर १,५४० मध्ये एकदा लागलं असतं. प्रत्यक्षात १५ आणि १९ चे घोडे आले ते लेग सोपे होते, त्यामुळे शक्यता याहून बरीच चांगली होती. खरा प्रश्न ८८ च्या घोड्याचा. तो तुम्ही तिघांत का घेतला? नाव आवडलं म्हणून घेतला असेल तर ते नशीब, मान्य करा. कार्डात (दिवसाच्या शर्यतींच्या छापील पुस्तिकेत) काही दिसलं म्हणून घेतला असेल तर काय दिसलं ते लिहून ठेवा.

काय दिसू शकतं? सर्वात आधी क्लास (शर्यतीचा वर्ग) आणि रेटिंग (घोड्याच्या क्षमतेचा अंक). आपल्याकडच्या हँडिकॅप शर्यतींत (चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात त्या) क्लास फाइव्ह साधारण ४ ते ३० रेटिंगचा, क्लास फोर २० ते ४६ चा, थ्री ४० ते ६६ चा. रेटिंगच्या एका अंकाला अर्धा किलो वजन. म्हणजे क्लास फोरमध्ये ४६ चा घोडा २० च्या घोड्यापेक्षा १३ किलो जास्त घेऊन पळतो. मधला २० ते ३० चा पट्टा दोन्ही वर्गांत येतो आणि मजा तिथेच असते: २८ रेटिंगचा घोडा फोरमध्ये हलक्या वजनाने तगड्या घोड्यांत हरत असतो, लोक शेवटचे तीन निकाल बघून त्याला सोडतात, आणि तो फाइव्हमध्ये उतरला की वजन वर जातं पण सोबतचे घोडे एकदम कमजोर होतात. मोठे डिव्हिडंड बरेचदा असेच येतात. उलट मागची शर्यत थाटात जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग वाढतं, वर्ग बदलू शकतो, आणि गर्दी मात्र मागचा निकाल बघून त्यालाच लावते. वर बसणारा अप्रेंटिस (शिकाऊ जॉकी) असेल तर मिळणारी वजनाची सूट वजा करूनच तुलना करा.

सकाळच्या ट्रायल्सचे आकडे वर्तमानपत्रात येतात, उदाहरणार्थ ८००/५३, ६००/३९. म्हणजे शेवटचे ८०० मीटर ५३ सेकंदांत, त्यातले शेवटचे ६०० मीटर ३९ मध्ये. नुसत्या वेळेवर जाऊ नका, पुढचा शेरा वाचा. ‘ईझी’ लिहिलेला ४० आणि ‘पुश्ड’ लिहिलेला ३९ यात पहिला बरा. शिवाय हे काम वाळूवर होतं आणि शर्यत हिरवळीवर, त्यामुळे वाळूवरचा वाघ हिरवळीवर मांजर निघतो असं अनेकदा घडतं.

ड्रॉ नंबर (सुटताना उभं राहायची जागा), फॉल्स रेल्स (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) लावलेत का, ट्रॅकचं पेनेट्रोमीटर रीडिंग (आकडा जितका जास्त, जमीन तितकी मऊ), पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या झापडी) लावलेत का, हे सगळं कार्डात किंवा त्या दिवशीच्या सूचनांत मिळतं. महालक्ष्मीचा ट्रॅक उजव्या हाताचा, शेवटची सरळ सुमारे ६०० मीटरची. पुढे पळणारा घोडा आतल्या ड्रॉला असेल तर वळणावर त्याचं अंतर वाचतं. पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) घोडा घामाने फेसाळलेला दिसला तर बँकर म्हणून नको. टिप्सचं काय, असं कोणीतरी विचारेलच. मोबाईलवर पैसे घेऊन ‘पक्का घोडा’ सांगणारा माणूस तोच घोडा स्वतः लावून गप्प का बसत नाही, हे त्याला विचारा. मैदानाबाहेरच्या फोनवरच्या बुकींच्या नादी तर अजिबात लागू नका, तो व्यवहारच बेकायदा आहे.

खिडकीवरच्या चुकांनी जितके जॅकपॉट गेलेत तितके घोड्यांनी घालवले नसतील. घोड्याचा कार्डातला नंबर आणि ड्रॉ नंबर वेगळे असतात, तिकीट कार्डातल्या नंबरावर काढायचं. जॅकपॉटचे लेग पहिल्या पाच शर्यती असतीलच असं नाही, कार्डात बघा. एसएचपी (सेकंड हॉर्स पूल) म्हणजे ‘पहिल्या दोनांत’ नाही, घोडा दुसराच यायला हवा, जिंकला तरी तिकीट मेलं. तानाला म्हणजे पहिले तीन, त्याच क्रमाने. तिकीट हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी शर्यत आणि नंबर वाचा, नंतर कोणी दुरुस्त करून देत नाही. ऑब्जेक्शन किंवा चौकशी लागली तर निकाल बदलू शकतो, म्हणून वजनं तपासून अंतिम निकाल जाहीर होईपर्यंत हरलेलं तिकीटही फाडू नका. कागद उष्णतेने काळा पडतो, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, फोटो काढून ठेवा. पैसे किती दिवसांत घ्यायचे ते तिकिटाच्या नियमांत दिलेलं असतं.

पुढच्या रविवारी ४८० चेच तिकीट काढा. जिंकलेल्या पैशातून १ × ४ × ४ × ४ × ५ असं करण्याचा मोह होईल, ते ३,२०० रुपये होतात, आणि वाढवलेले बहुतेक घोडे सोप्या लेगमध्ये जातात जिथे त्यांची गरज नसते. घोडे वाढवायचे तर एकाच, सर्वात गुंतागुंतीच्या शर्यतीत वाढवा आणि दुसऱ्या एखाद्या लेगला कमी करा: १ × १ × ६ × २ × ४ केलं तरी ४८ च होतात. आणि आधीच्या दिवशी कोणाचाच जॅकपॉट लागला नसेल, रक्कम पुढच्या पूलमध्ये ओढली असेल, तर त्या दिवशीचं गणित खेळणाऱ्याच्या बाजूने थोडं झुकलेलं असतं. जास्त खर्च करायचाच असेल तर तो दिवस निवडा.