वाचकांचे प्रश्न: ट्रेलसाठी सेकंडहँड स्नोमोबाइल

प्रश्न: दोन-चार सीझन वापरलेली स्नोमोबाइल घ्यायची आहे. फिरणार फक्त आखलेल्या, सपाट केलेल्या ट्रेलवर. मागे बहुतेकदा पत्नी असेल. विक्रेता १५४ इंच लांब ट्रॅकची (गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याची) ८५० सीसीची गाडी गळ्यात मारतोय. घेऊ का?

उत्तर: नको हो! ती डोंगरातल्या भुसभुशीत, खोल बर्फाची गाडी. तिच्या ट्रॅकचे अडीच-तीन इंची दाते घट्ट ट्रेलवर नुसती ताकद खातात. शिवाय इंजिन थंड राहतं ते ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर. कडक ट्रेलवर तो कमी उडतो आणि गाडी तापते. तुम्हाला १३७ इंच किंवा थोडा लांब ट्रॅक, सव्वा इंचाच्या आसपास दाते आणि मुळातच दोघांसाठी बनवलेली सीट हवी. इंजिन मी फोरस्ट्रोक सुचवेन. वजन जास्त, पण आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि मागे बसणाऱ्याला धुराचा त्रास नाही. ८५०चा रुबाब मित्रांना दाखवायला ठीक.

पाहायला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं, तर थंड असताना सुरू व्हायची अडचण लपवायला विक्रेत्याने ते तुम्ही यायच्या आत तापवून ठेवलेलं असू शकतं. थंड झाल्यावर पुन्हा सुरू करायला लावा. ट्रॅक ज्या रेल्सवरून सरकतो त्यांच्या खालच्या हायफॅक्स (प्लॅस्टिकच्या) पट्ट्या झिजलेल्या असतील तर घाबरू नका, त्या बदलता येतात. भाव पाडून मागा. स्कीला जोडलेले आर्म वाकलेले किंवा टनेलला (ट्रॅकवरच्या धातूच्या सांगाड्याला) चिरा दिसल्या, तर मात्र घासाघीस न करता निघून या.