कट जोडला की सीन उडी मारतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन मित्र टपरीवर चहा पीत बोलतायत, मोबाईलवर शूट केलंय, आणि एडिट करताना दर कटला झटका बसतोय, मध्येच दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटतंय. मला वाटतं सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, घोळ शूटिंगलाच झालाय.

जागा बदलल्यासारखं वाटतंय म्हणजे तुम्ही लाईन क्रॉस केलीय. एका मित्रापासून दुसऱ्यापर्यंत मनातल्या मनात एक रेषा ओढायची आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, यालाच १८० डिग्री रूल म्हणतात. टीव्हीवर कबड्डी बघताना मेन कॅमेरा एकाच बाजूला असतो ना, तो मध्येच पलीकडून दाखवला तर चढाईला गेलेला गडी आपल्याच अंगणात परत येतोय असं वाटेल, तसंच हे.

झटक्याचं कारण वेगळं. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ लावताना कॅमेरा निदान ३० डिग्री तरी सरकलेला हवा आणि फ्रेममधली माणसाची साईज पण बदला, म्हणजे मिडवरून (कमरेपासून वरचा शॉट) सरळ क्लोजअप (नुसता चेहरा). किंचित सरकवलात तर फ्रेम गळाल्यासारखी वाटते.

आता मेन गोष्ट, ॲक्शनवर कट, म्हणजे हालचाल चालू असतानाच कापायचं. लाँग शॉटमध्ये (लांबून घेतलेला, माणूस पूर्ण दिसणारा) एक मित्र ग्लास उचलून तोंडाला लावतो, ते पूर्ण घ्या, मग क्लोजअपला पण परत ग्लास उचलण्यापासूनच सुरू करा. बरेच जण क्लोजअप थेट घोटापासून घेतात आणि मग कट करायला जागाच उरत नाही. हात अर्ध्यात असताना कापा, दोन-तीन फ्रेम मागेपुढे करून बघा, एका ठिकाणी कट चक्क दिसेनासा होतो.

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये हिरो पाच मिनिटं चहा पितोय आणि ग्लास आपोआप भरतोय 😅 कारण दर टेकला आम्ही नवा कटिंग चहा आणत होतो आणि आधी किती उरला होता ते कोणी बघितलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक शॉट संपला की मोबाईलवर फोटो काढतो, ग्लास किती भरलाय, कुठल्या हातात आहे, शर्टाची बाही दुमडलेली की सोडलेली, उन्हाची सावली कुठे.

मोबाईलचं एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाईट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा, नाहीतर मागून पांढरा शर्टवाला गेला की चेहरा काळा पडतो.

जे शूट झालंय ते वाचवायचं तर त्याच वेळेला, तसंच ऊन असताना टपरीवर परत जा आणि कटअवे, म्हणजे मध्ये घालायला आजूबाजूचे छोटे शॉट घेऊन या, उकळणारा चहा, गाळणी, पैसे देणारा हात, माणसांचे चेहरे नकोत. माझा तो भरणारा ग्लास स्टोव्हच्या एका शॉटने झाकला होता. आणि तिथला नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, तो सगळ्या सीनखाली सलग लावला की निम्मे झटके तिथेच कमी वाटतात.