जुन्या नकाशावरून डिटेक्टिंगची जागा कशी निवडायची

मेटल डिटेक्टरने जमिनीतली जुनी नाणी शोधायला (डिटेक्टिंग) जुन्या नकाशांपासून सुरुवात करताय, हे उत्तम. डिटेक्टर कितीही चांगला असला तरी जागा चुकली की हाती काही लागत नाही.

नकाशात आज जे उरलेलं नाही ते शोधा: मोडलेली पायवाट, नदी ओलांडायचा उतार, बाजाराचं मैदान, पडलेलं घर. माणसं जिथे थांबायची, पैशांची देवघेव करायची, तिथेच नाणी सांडतात. मला तर मोठ्या इमारतीपेक्षा दोन पायवाटा मिळतात तो कोपरा जास्त आवडतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- प्रमाण न बघणं. इंचाला मैल (१:६३,३६०) या नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर! मैलाला सहा इंचाच्या नकाशात तोच १ मिलिमीटर सुमारे साडेदहा मीटरचा होतो. मोठ्या प्रमाणाचाच नकाशा मिळवा.
- नदीचं वळण खूण म्हणून धरणं. पात्र सरकतं. जुना-नवा नकाशा जुळवताना दगडी पूल, जुना चौक अशा न हललेल्या तीन-चार खुणा घ्या.
- छपाईचं वर्ष खरं मानणं. मोजणी अनेकदा कितीतरी आधीची असते. मोजणीचं वर्ष नकाशाच्या समासात सापडतं.

आणि परवानगी. जमीनमालकाची लेखी घ्याच, तिथला कायदाही आधी वाचा. काही देशांत सरकारी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवताच येत नाही. संरक्षित स्थळाकडे तर फिरकूही नका.

नकाशे जुळवायची सॉफ्टवेअर सध्या राहू द्या. एकाच शेताचे वेगवेगळ्या काळातले दोन नकाशे शेजारी ठेवा आणि काय नाहीसं झालंय ते पेन्सिलीने खुणवा.